पहिल्या पाळीपासून मोजायचं

मुळशी तालुक्यातल्या घोटावड्यात काय, पिरंगुटला काय किंवा पलीकडे माणमध्ये काय, भिंतीवरचं कॅलेंडर नीट वाचलं तर घरातला सगळा महिना कळतो. दुधाचा खाडा कोणत्या दिवशी पडला, गॅसची टाकी कधी लावली, भिशीचा हप्ता, संकष्टी, भाताच्या आवणीला किती माणसं आली होती. आईच्या पाळीची तारीखही एखाद्या ठिपक्यात लपलेली सापडते. चौदा वर्षांच्या लेकीची मात्र सहसा सापडत नाही. "गणपतीत आली होती ना गं?" अशी ती सणाच्या खुणेनं आठवली जाते. किशोरवयीन मुलीच्या पीसीओएसच्या (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमच्या, लोक ज्याला पीसीओडी म्हणतात त्याच्या) निदानात जो कागद सगळ्यात आधी हवा, तो या घरात असूनही कोरा असतो.

एक मुलगी डोळ्यांसमोर धरू. घोटावड्याची, नववीतली. पहिली पाळी साडेबाराव्या वर्षी आली, आता ती चौदा पूर्ण आहे. गणपतीत पाळी येऊन गेली आणि दिवाळी आली तरी पुढची नाही. कपाळावर मुरमं आहेत, ओठावरची लव वर्गातल्या मुलींच्या लक्षात येते. शेजारच्या काकू म्हणतात, "पीसीओडी असेल, आजकाल मुलींना फार होतं." आई धसकते. फाट्यावरून बस धरून दोघी पौड रस्त्यानं कोथरूडला जातात, आधी सोनोग्राफी करून घेतात आणि संध्याकाळी कागद घेऊन परततात. दोन्ही अंडाशयांत बारीक फॉलिकल पुष्कळ, चित्र पीसीओडीसारखं, असं त्यावर लिहिलेलं असतं. घरात त्याचा अर्थ एका वाक्यात लावला जातो : "पोरीच्या पिशवीत गाठी आहेत." आणि त्यामागे एक प्रश्न उभा असतो, जो मुलीसमोर कोणी बोलत नाही, पण तिला ऐकू येतो. हिला पुढे मूल होईल ना?

त्या कागदावरून या मुलीला पीसीओएस आहे असं ठरत नाही, आणि नाही असंही ठरत नाही. तो कागद या वयात प्रश्नाचं उत्तरच देऊ शकत नाही. असं का, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

१९३५ साली शिकागोच्या आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत छापली. त्यांची पाळी येत नव्हती किंवा फार अंतरानं येत होती आणि त्यांची अंडाशयं मोठी झालेली होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. या आजाराची आधुनिक ओळख तिथून सुरू झाली, म्हणून बरीच वर्षं तो त्या दोघांच्या नावानं ओळखला जाई. त्या सातही जणी प्रौढ होत्या. पुढे १९८०च्या दशकात सोनोग्राफीचा वापर वाढला आणि पोट न उघडता अंडाशय नीट दिसू लागलं. तेव्हा पहिली अडचण लक्षात आली. कोणतीच तक्रार नसलेल्या स्त्रियांची सोनोग्राफी केली, तर त्यांच्यापैकी साधारण पाचातल्या एकीचं अंडाशय तसंच दिसतं, असं १९८८ साली लंडनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. म्हणजे नुसतं दिसणं हा आजार नव्हता. तरी नावात 'सिस्ट' राहिलं, मराठीत त्याची 'गाठ' झाली, आणि गाठ म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या मनात काय येतं हे सांगायला नको.

या गाठी नसतात. प्रत्येक अंडाशयात बीजांडं सांभाळणाऱ्या बारीक पुटिका असतात, त्यांना फॉलिकल म्हणतात. दर महिन्याला अशा अनेक पुटिका वाढीला लागतात, त्यातली एक पुढे जाते, फुटते आणि बीजांड बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये त्या मधेच थबकतात. मुळशीतल्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळेल : भात पोटरीत आलं, पण निसवलं नाही. सोनोग्राफीत जे काळे ठिपके दिसतात ते हे पोटरीत अडकलेले फॉलिकल, दोन ते नऊ मिलिमीटरचे. ते कापून काढायचे नसतात आणि त्यांचा कर्करोग होत नाही.

ते अडकतात का, यात दोन गोष्टी एकमेकींना धरून असतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून एलएच नावाचं संप्रेरक ठेक्यात सुटत असतं. तो ठेका जलद झाला की अंडाशय अँड्रोजन जास्त बनवू लागतं. अँड्रोजनना आपण पुरुषी संप्रेरकं म्हणतो, पण ती प्रत्येक बाईच्या शरीरात थोडी असतातच. दुसरी गोष्ट इन्सुलिनची. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते जास्त सोडतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजन बनवायला आणखी चिथावतं. शिवाय यकृत एक प्रथिन बनवतं, जे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं. इन्सुलिन वाढलं की ते प्रथिन कमी होतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. मग मुरमं, राठ केस, लांबलेली पाळी.

आता याच यादीकडे चौदा वर्षांच्या निरोगी मुलीच्या बाजूनं पाहा. वयात येताना इन्सुलिनची दाद प्रत्येकीचीच काही वर्षं कमी होते. मेंदू आणि अंडाशय यांचा ताल बसायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीच्या बऱ्याच पाळ्यांत बीजांड बाहेर पडतच नाही. मुरमं येतात. सोनोग्राफीत दिसणारे फॉलिकल याच वयात पुष्कळ असतात. म्हणजे तीस वर्षांच्या बाईत ज्या खुणा आजाराच्या, त्यातल्या कितीतरी चौदाव्या वर्षी वाढीच्या असतात. प्रौढ बाईच्या मापाचा ब्लाउज मुलीच्या अंगावर चढवून तो ढगळ होतो म्हणून मुलीला दोष द्यावा, तसं या निदानात पुष्कळदा घडतं.

ही चूक किती मोठी होऊ शकते, त्याचा एक आकडा आपल्याच राज्यातला आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी मुंबईतल्या १५ ते २४ वर्षांच्या मुलींचा अभ्यास केला आणि २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. ६०० जणींच्या सगळ्या तपासण्या पूर्ण झाल्या. रॉटरडॅम इथल्या बैठकीत २००३ साली ठरलेले निकष लावले तर त्यातल्या २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला. हे निकष सांगतात की तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोन पुरेत : अनियमित पाळी, अँड्रोजनचं आधिक्य आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. अँड्रोजनचं आधिक्य असलंच पाहिजे असं म्हणणारे दुसरे निकष त्याच मुलींना लावले, तेव्हा आकडा १०.७ टक्क्यांवर आला. मुलींच्या संख्येत मांडलं तर १३५ आणि ६४. मधल्या सत्तरेक मुलींचं शरीर दोन्ही वेळा तेच होतं, फक्त मोजपट्टी बदलली. यातल्या बहुतेक जणींना पाळीची अनियमितता होती आणि अंडाशयाचं चित्र तसं होतं, एवढंच. मला या सत्तर जणी महत्त्वाच्या वाटतात. आपली घोटावड्याची मुलगी बहुधा त्यांच्यातच बसेल.

हा घोळ मिटवायला ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या हेलेना टीड यांच्या नेतृत्वाखाली जगभरच्या तज्ज्ञांनी २०१८ साली मार्गदर्शक तत्त्वं तयार केली आणि २०२३ साली ती सुधारली. किशोरवयीन मुलींसाठी त्यातला नियम सोपा आहे आणि कडकही आहे. पाळीची अनियमितता आणि अँड्रोजनचं आधिक्य, दोन्ही असायला हवीत. एक असून चालणार नाही. सोनोग्राफी निदानासाठी वापरायची नाही, आणि एएमएच नावाची रक्ततपासणीही नाही, कारण या वयात ती निरोगी मुलींतही वाढलेली सापडते. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं होईपर्यंत हे असंच.

मग अनियमित कशाला म्हणायचं? इथे वय मोजायचं नाही, पहिल्या पाळीपासूनचा काळ मोजायचा. पहिलं वर्ष सोडून द्यायचं, त्यात पाळी कशीही आली तरी ती शरीराची जुळवाजुळव असते. पहिलं वर्ष संपल्यापासून तिसरं पूर्ण होईपर्यंत एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ४५ दिवस गेले तर ठीक. तीन वर्षांनंतर ही वरची मर्यादा ३५ दिवसांवर येते, आणि वर्षातून आठपेक्षा कमी पाळ्या आल्या तरी ती अनियमितताच. पहिलं वर्ष सरल्यावर एकदा जरी ९० दिवसांहून मोठा खंड पडला तर डॉक्टरांना दाखवायचं. मुलगी पंधरा वर्षांची झाली किंवा छाती भरू लागून तीन वर्षं उलटली, तरी पहिली पाळीच आली नसेल, तर तेव्हाही दाखवायचं. "येईल गं, आमच्याकडे उशिराच येते" असं म्हणून वाट पाहणं या दोन वेळी धोक्याचं आहे.

आपल्या मुलीला पहिल्या पाळीपासून दीड वर्षच झालंय. गणपती ते दिवाळी पंचावन्नेक दिवस होतात, म्हणजे ४५ची रेघ ओलांडली, ९०ची नाही. पण ही एकच पाळी. त्याआधीच्या चार पाळ्या किती दिवसांनी आल्या होत्या? हे कोणालाच आठवत नाही, आणि खरं निदान इथेच अडतं. पुढचे सहा महिने कॅलेंडरवर पाळीच्या पहिल्या दिवशी एक गोल काढला, तर त्या गोलांमधून डॉक्टरांना जे कळेल ते कोथरूडच्या त्या कागदातून कळत नाही. मोबाइलवरही नोंद ठेवता येते, पण ज्या घरात मोबाइल दादाच्या हातात असतो तिथे भिंतच बरी. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा येते. २०१३पासून चाललेल्या या तपासणीत मोठ्या मुलींना पाळीबद्दलही विचारायचं असतं. "अनियमित आहे का?" या प्रश्नाला मुलगी लाजून मान हलवते, पण कॅलेंडरवरच्या तारखा वहीत उतरवलेल्या असतील तर ती नुसती वही पुढे करू शकते.

दुसरी बाजू अँड्रोजनची. इथे मुरमं फसवतात, कारण ती सगळ्यांनाच येतात. औषधांना दाद न देणारी, गळ्यावर-पाठीवर उठून खड्डे पाडणारी मुरमं असतील तर गोष्ट वेगळी. त्याहून भरवशाची खूण केसांची. डॉक्टर शरीराचे नऊ भाग पाहतात : वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा आणि खालचा भाग, दंड, मांडी, पाठीचा वरचा आणि खालचा भाग. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. हाताच्या पुढच्या भागावरचे आणि पोटरीवरचे केस यात धरतच नाहीत, आणि मुली रडतात त्या नेमक्या त्याच केसांपायी. मऊ, बारीक लवीला गुण नाहीत, राठ आणि काळ्या केसांनाच आहेत. एकूण चार ते सहा किंवा त्याहून जास्त भरलं की केस जास्त मानायचे, कुठल्या वंशाच्या लोकांत कितीची रेघ धरायची ते थोडं बदलतं. ओठावरची लव तीन पिढ्यांत चालत आलेली असू शकते, म्हणून आईचा आणि मावशीचा चेहरा पाहणं हाही तपासणीचा भाग आहे. आणि एक प्रश्न मुलीला न लाजवता विचारावाच लागतो, "थ्रेडिंग, वॅक्सिंग करतेस का?" कारण काल पार्लरमध्ये जाऊन आलेल्या मुलीचे गुण आज शून्य भरतात.

केस स्पष्ट नसतील तर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, एकूण आणि मोकळं, मोजतात. बाईच्या रक्तात ते इतकं कमी असतं की साध्या पद्धतीनं आलेला आकडा दगा देऊ शकतो, मास स्पेक्ट्रोमेट्रीनं मोजलेला जास्त विश्वासाचा. पाळी नियमित करायच्या गोळ्या चालू असतील तर निदान तीन महिने थांबून ही तपासणी करावी लागते, नाहीतर गोळ्यांनी बदललेलं शरीर मोजलं जातं. कोणी घाईघाईनं गोळ्या सुरू केल्या आणि निदान नंतर करू म्हटलं, तर पुरावाच पुसला जातो तो असा.

पीसीओएस म्हणण्याआधी बाकीची कारणं बाजूला काढावी लागतात. थायरॉइड. दुधाचं संप्रेरक म्हणजे प्रोलॅक्टिन. अ‍ॅड्रिनल ग्रंथीतला एक जन्मजात दोष, जो हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो आणि सकाळी लवकर घेतलेल्या रक्तातून कळतो. आपल्याकडे गर्भाशयाचा क्षयही विसरता येत नाही. गर्भधारणेची शक्यताही तपासावी लागते. त्यासाठी डॉक्टरांनी आईला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं, तर आईनं राग मानू नये. मुलीचा आवाज काही महिन्यांत घोगरा झाला, केस झपाट्यानं वाढले, तर वाट पाहायचीच नाही, तिथे संप्रेरक सोडणारी खरीखुरी गाठ असू शकते.

आणखी एक कारण गावाकडे वाढतंय आणि त्याची आठवण कमी ठेवली जाते. पोलीस भरतीची तयारी करणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी पहाटे मैदानावर असते, ८०० मीटरची वेळ कमी करायची म्हणून वजन उतरवते, डबा अर्धा परत आणते. तिची पाळी थांबते. शरीराकडे पुरेशी शक्ती उरत नाही तेव्हा मेंदू पहिली काटछाट पाळीत करतो. अशा मुलीच्या सोनोग्राफीतही फॉलिकल पुष्कळ दिसू शकतात. त्या कागदावरून तिला पीसीओडी ठरवलं आणि "वजन कमी कर, भात बंद कर" म्हटलं, तर आजाराच्या नेमकं उलट औषध दिलं जातं. तिला जेवायला हवं असतं. हाडं ठिसूळ होण्याचा धोका तिला आहे.

वजनाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. जाड मुलीलाच पीसीओएस होतो ही समजूत आपल्या भागात विशेष चुकीची आहे. मुंबईच्या त्याच अभ्यासात रॉटरडॅम निकषांनी पीसीओएस ठरलेल्या मुलींपैकी ७१.८ टक्के लठ्ठ नव्हत्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी याचा पाया आधीच दाखवला होता. त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत १९९३पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं बरीच हलकी भरली, पण त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानानं चरबी जास्त होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशा शरीराला इन्सुलिनची अडचण कमी वजनावरही येते. म्हणून तराजूपेक्षा मुलीची मान पाहावी. मानेच्या मागे, काखेत त्वचा काळपट, जाड, मखमलीसारखी झाली असेल तर ते बहुधा इन्सुलिनचं सांगणं आहे. कितीतरी आया ती मान मळकट आहे म्हणून वज्रीनं घासतात. मुलगी ओरडते आणि काळेपणा जात नाही.

मग सहा महिन्यांनी आपल्या मुलीचं काय ठरलं? समजा पाळी अजूनही लांबतेय, पण केसांचे गुण दोनच भरले आणि टेस्टोस्टेरॉन हद्दीत आहे. दोहोंपैकी एकच खूण. अशा मुलीसाठी त्या मार्गदर्शक तत्त्वांत एक वेगळी जागा ठेवली आहे : धोका आहे, निदान नाही. याचा अर्थ तिला तशीच घरी पाठवायची असा नाही. पाळी तीन महिने आलीच नाही तर औषधानं आणता येते, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर साचून पुढची पाळी दहा दिवस अंगावर जाऊन रक्त कमी होत नाही. मुरमांवर उपचार करता येतात. खेळ, झोप, जेवण यांवर बोलता येतं, साखरेची तपासणी करता येते. पीसीओएसचा शिक्का न मारता हे सगळं होऊ शकतं.

शिक्क्याची भीती मला का वाटते, तर तो मुलीच्या अंगाला चिकटतो. आत्या विचारते, शेजारी विचारतात, काही घरांत स्थळ पाहताना लपवायची गोष्ट होऊन बसते. आणि ज्या भीतीपोटी हे सगळं चालतं तिला आधार तोकडा आहे. पीसीओएस असलेल्या बऱ्याच स्त्रियांना दिवस राहायला वेळ लागतो, काहींना औषधांची मदत लागते, पण अखेर त्यांना होणाऱ्या मुलांची संख्या इतर बायकांसारखीच असते. निदान पक्कं झालं तरी हे वाक्य मुलीला त्याच भेटीत, तिच्या तोंडाकडे पाहून सांगायला हवं. आईला सांगून भागत नाही.

निदान न झालेल्या अशा मुलीची पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं झाल्यावर फेरतपासणी व्हायला हवी, पण ती वेळ अडचणीची आहे. साडेबाराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीला आठ वर्षं पूर्ण होतात साडेविसाव्या वर्षी. तोवर ती पिरंगुटच्या कारखान्यात लागलेली असेल, हिंजवडीला जात असेल, पुण्यात होस्टेलवर असेल किंवा लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली असेल. शाळेची गाडी मागे राहिली, डॉक्टर बदलले, आईच्या कपाटातली फाइल माहेरीच पडून. सासरी पाळी लांबली की तिथले डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात, आणि तिला आठवतं ते एकच वाक्य : लहानपणी पीसीओडी निघाला होता. म्हणून ही वही आईची नको, मुलीची हवी, दहावीच्या गुणपत्रिकेबरोबर ठेवण्यासारखी. आत पाळ्यांच्या तारखा, वजन-उंची, रक्ताचे आकडे आणि त्या वेळी कोणत्या गोळ्या चालू होत्या त्यांची नावं. आणि पहिल्या पानावर तिच्या स्वतःच्या अक्षरात, महिना आणि वर्ष घालून, पहिली पाळी कधी आली ते.